दाराच्या खिळ्यावरचे मास्क

मगरिबच्या अजानला वीसेक मिनिटं उरली की टेलर खालांच्या घरात एकच गडबड उडते. सून भजी तळते, नातू खजुराच्या बिया काढतो आणि खाला ताटं लावतात. पहिलं ताट घरच्यांसाठी नसतं. ते शेजारच्या वाड्यातल्या वहिनींकडे जातं. त्यात भजी बेताच्या मिठाची, खजूर नाही आणि कलिंगडही नाही. वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागतं. खजुरातलं पोटॅशियम आणि कलिंगडातलं पाणी, दोन्ही त्यांना मोजून घ्यावं लागतं. हे खालांना आता डॉक्टरांइतकंच पाठ झालं आहे.

ताटावर रुमाल टाकून खाला दाराशी येतात. दाराच्या आतल्या बाजूला चौकटीत एक मोठा खिळा ठोकलेला आहे. त्यावर तीन-चार कापडी मास्क आणि एक पांढरा एन-९५ टांगलेला असतो. पांढरा काढून त्या तोंडाला लावतात, नाकावरची पट्टी दोन बोटांनी दाबतात आणि मग ताट उचलतात.

गल्लीतली पोरं हसतात. "खाला, कोरोना कधीच गेला की!" एखादा जाणता माणूसही थांबून विचारतो, "अजून?" खाला बहुतेक वेळा उत्तर देत नाहीत. दिलंच तर म्हणतात, "तुमचा गेला असंल. माझा नाही गेला."

मिरज हे दवाखान्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथं मिशनचं इस्पितळ उभं राहिलं. तेव्हापासून कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रुग्ण या गावाची वाट धरतात. तोंडाला फडकं बांधलेली नर्स इथल्या माणसाला नवी नव्हती. पण ते फडकं एक दिवस आपल्याच तोंडावर येईल आणि त्यावरून माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतील, असं कुणाला वाटलं नव्हतं.

२३ मार्च २०२० रोजी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात एकाच घरातले चार जण बाधित असल्याचं कळलं. ते सौदी अरबस्तानातून परतले होते. पुढं त्या साखळीतला आकडा २६ वर गेला. या रुग्णांवर उपचार मिरजेच्या शासकीय रुग्णालयात झाले. दोनच दिवसांनी, २५ मार्चला, देश बंद झाला. मिरजेच्या रस्त्यांवर रुग्णवाहिकांचा आवाज तेवढा उरला.

खालांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दोन मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीला लावलेले कागदी फर्मे. शिंप्याच्या धंद्यात रमजान हा महिना नसतो, हंगाम असतो. त्याआधीच्या शाबान महिन्यापासूनच सलवार-कमीज, बुरखे, पोरांचे पठाणी सूट यांचे ढीग लागायला सुरुवात होते. त्या वर्षीही लागले होते. लोकांनी कापड टाकलं, मापं दिली आणि मग सगळं जागच्या जागी थांबलं. ईदला कुणी बाहेरच पडणार नसेल तर नवे कपडे कुणासाठी शिवायचे?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंद्राच्या आरोग्य खात्यानं घरी बनवलेले मास्क वापरायला सांगितलं. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेनं मास्क सक्तीचा केला आणि पाठोपाठ बाकीच्या शहरांतही तेच झालं. खालांच्या मुलानं फोनवर एक आकृती दाखवली. चौकोनी कापड, तीन चुण्या, दोन बाजूंना नाड्या. खाला म्हणाल्या, "एवढंच? हे तर पोरीच्या फ्रॉकच्या बाहीपेक्षा सोपं आहे."

सोपं होतं, पण सामान नव्हतं. दोन दिवसांत इलॅस्टिक संपलं. मग खालांनी उरलेल्या कापडाच्या तिरक्या पट्ट्या कापून नाड्या केल्या. आतल्या थराला मऊ अस्तर, बाहेर जाडसर सुती. घरात लुंगीचं कापड होतं, तेही कापलं. त्यांचे शोहर, ज्यांना सारा मोहल्ला खालू म्हणायचा, ते सतारीच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद होता, त्यामुळं तेही मशीनशेजारी बसून चुण्यांना टाचण्या लावायचे. मिरजेची सतार जगभर जाते. तिच्यासाठी पंढरपूर भागातून येणारे भोपळे घासायचं, त्यांना पॉलिश करायचं खालूंचं काम. त्या कामात बारीक धूळ उडते, म्हणून तीस वर्षं ते नाकावर रुमाल बांधत आले होते. ते गमतीनं म्हणायचे, "सगळ्या दुनियेला आता समजलं. मी तर कधीपासून बांधतो."

शाळेच्या एका जुन्या वहीत खाला रोजचा हिशेब लिहीत. तारीख, नग, कुणाला दिले. ईदपर्यंत अडीच हजारांवर मास्क झाले होते. बहुतेक फुकट. काही जणांनी तांदूळ दिले, एकानं बटाट्याचं पोतं.

त्या वहीत एक ओळ खोडलेली आहे. गावातल्याच एका सोसायटीला चाळीस मास्क पाठवले होते. दुसऱ्या दिवशी पिशवी तशीच्या तशी परत आली. आणून देणाऱ्यानं कारण सांगितलं नाही, पण ते सांगायची गरजही नव्हती. दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या मरकजची बातमी मार्चअखेर आली होती आणि त्यानंतर देशभर एकाच समाजाकडं बोट दाखवणं सुरू झालं होतं. फोनवर फिरणाऱ्या व्हिडिओंत कुणी फळांना थुंकी लावत होतं, कुणी नोटा टाकत होतं. त्यांतले बरेचसे व्हिडिओ जुने किंवा भलत्याच ठिकाणचे निघाले, पण तोवर ते पाहून झाले होते. मोहल्ल्यातल्या भाजीवाल्याला एका गल्लीत नाव विचारून परत पाठवलं. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं, असं मत नोंदवलं. त्या निकालाचा व्हिडिओ मात्र तितका फिरला नाही.

चाळीस मास्कांची ती पिशवी वहिनींनी पाहिली. वहिनी आणि खाला जवळपास एका वयाच्या. एक दुसरीला 'भाभी' म्हणते, दुसरी पहिलीला 'वहिनी'. नातं एकच, भाषा दोन. वहिनींनी पिशवी उचलली, मास्क गरम पाण्यात उकळून काढले, इस्त्री केले आणि यजमानांच्या हाती दुसऱ्या दोन गल्ल्यांत वाटायला दिले. कुणी शिवले ते सांगितलं नाही. लोकांनी आनंदानं घेतले.

या गोष्टीवर दोघींचं आजही एकमत नाही. खाला म्हणतात, "तुम्ही वाटले ते बरंच केलं. पण माझं नाव सांगायला पाहिजे होतं." वहिनी मान्य करतात, "तेव्हा भीती वाटली, भाभी. परत आणून टाकतील असं वाटलं. मास्क तोंडाला लागणं महत्त्वाचं, असा विचार केला." खाला गप्प बसतात. आपल्याकडं अशा प्रसंगांचा लगेच सलोख्याचा सोहळा होतो. या दोघींनी तो केला नाही. त्या शेजारी राहिल्या, हे मात्र खरं.

२५ एप्रिल २०२० ला पहिला रोजा होता. मशिदी बंद. अजान व्हायची, पण ती ऐकून कुणी यायचं नाही. आत इमाम, मुअज्जिन आणि दोघं-तिघं. रमजानच्या रात्रींची खास नमाज म्हणजे तरावीह. तिला रोज मशिदीत जागा कमी पडते, तिथं चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या. जमातची नमाज खांद्याला खांदा लावून पढतात. दोन माणसांत फट राहू नये, असं लहानपणापासून शिकवलेलं. तीच फट आता ठेवायची होती.

मोहल्ल्यातल्या मशिदीचे मौलाना तेव्हा जेमतेम पस्तिशीचे होते. त्यांच्यावर सगळ्यात जास्त दबाव बाहेरून नव्हता, आतून होता. चाळीस वर्षं पहिल्या रांगेत उभे राहिलेले बुजुर्ग दाराशी येऊन म्हणायचे, "मरण यायचं तर मशिदीत यावं. तू कोण अडवणारा?" रमजानच्या शेवटच्या जुम्याला, जुमातुल विदाला, एका वडीलधाऱ्या माणसानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते मौलानांचे सख्खे चुलते.

मौलानांनी त्यांना हजरत उमर यांचा प्रसंग सांगून पाहिला होता. इ.स. ६३८-३९च्या सुमारास शाम देशात, म्हणजे आजच्या सीरिया-पॅलेस्टाइनच्या भागात, अमवासची प्रसिद्ध साथ आली. खलिफा उमर तिकडंच निघाले होते. सरघ नावाच्या ठिकाणी त्यांना बातमी कळली. त्यांनी सोबत्यांचा सल्ला घेतला आणि परत फिरायचं ठरवलं. सेनापती अबू उबैदा यांना ते पटलं नाही. अल्लाहनं लिहिलेल्या नशिबापासून पळायचं का, असा त्यांचा सवाल होता. एका नशिबाकडून दुसऱ्या नशिबाकडं जातोय आणि दोन्ही त्याचीच आहेत, अशा अर्थाचं उत्तर उमर यांनी दिलं. मग उंट चारायला नेताना माणूस ओसाड उतार सोडून हिरवा उतार निवडतो, तो दाखला दिला. एवढ्यात दुसऱ्या एका सोबत्यानं पैगंबर साहेबांची शिकवण सांगितली: साथ असेल तिथं जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथं आली तर तिथून निघू नका. क्वारंटाइन हा शब्द युरोपात रूढ होण्याच्या कितीतरी शतकं आधीची ही गोष्ट. अबू उबैदा आपल्या सैन्यासोबतच राहिले आणि त्याच साथीत वारले. नंतर अम्र बिन आस यांनी लोकांना डोंगरांत पांगायला सांगितलं, असं इतिहासात नोंदवलेलं आहे.

चुलत्यांना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि चाळीस वर्षांची रांग सोडणं वेगळं.

घरात नमाज आली तसे प्रश्नही आले. नमाजमध्ये तोंड झाकणं एरवी मकरूह, म्हणजे नापसंत मानतात. मग मास्क लावून कसं चालेल? गरजेपोटी चालतं, असं उलेमांनी सांगितलं. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, ते हाताला लावून नमाज होईल का? स्वॅब घेतला तर रोजा तुटतो का? आणि पुढच्या वर्षी: लस घेतली तर? स्वॅबनं आणि लशीनं रोजा तुटत नाही, असे फतवे निघाले. वाफारा मात्र रोज्यात घेता येत नाही, कारण वाफ मुद्दाम आत ओढावी लागते. त्यामुळं इफ्तार झाल्यावर घराघरांत डोक्यावर चादर घेऊन माणसं पातेल्यावर वाकलेली दिसायची. बाहेरच्या माणसाला हे प्रश्न किरकोळ वाटतील. ज्याला आजारही टाळायचा आहे आणि रोजाही ठेवायचा आहे, त्याला ते रोजचे होते.

याच महिन्यात बाजूच्या इचलकरंजीत मुस्लिम समाजानं जकात आणि देणग्यांतून ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या इंदिरा गांधी सामान्य रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ईदच्या सुमारास त्याचं ऑनलाइन लोकार्पण केलं. पुण्याच्या आझम कॅम्पसनं आपल्या मशिदीचा मजला विलगीकरणासाठी देऊ केला. जुमातुल विदाची नमाज चुकलेल्या म्हाताऱ्यांना या बातम्या मौलाना आवर्जून वाचून दाखवत. चुलते ऐकायचे आणि उठून जायचे.

२५ मे २०२० ची ईद मोहल्ल्यातल्या कुणालाच विसरता येणार नाही. शीरखुर्मा झाला, पण दूध कमी आणि पाहुणे नाहीत. ईदच्या दिवशी तीनदा गळाभेट घ्यायची रीत. त्याऐवजी माणसं आपापल्या दारात उभी राहून छातीवर हात ठेवून सलाम करत होती. लहान मुलांची ईदी पाकिटात घालून उंबऱ्यावर. खालूंनी त्या दिवशी स्वतः शिवलेला चौकड्याचा मास्क लावला होता. लुंगीच्या कापडाचा. त्यांची एकच शिलाई त्यावर होती, आणि ती वाकडी होती.

इथवरची गोष्ट खाला कुणालाही सांगतात. पुढची सांगायला त्यांना वेळ लागतो.

२०२०चा हिवाळा आला, रुग्ण कमी झाले आणि मास्क नाकावरून ओठांवर, ओठांवरून हनुवटीवर आणि तिथून खिशात गेला. हे सगळ्या गावाचं झालं, सगळ्या राज्याचं झालं. सभा झाल्या, यात्रा झाल्या, लग्नं झाली. यात कुणा एका धर्माचा, पक्षाचा हात वर करायला जागा नाही. खालांच्या घरातही तेच. अडीच हजार मास्क शिवलेल्या घरात दाराच्या खिळ्यावरचे मास्क धूळ खात होते.

रमजानमध्ये सहसा लग्नं करत नाहीत, म्हणून शाबानमध्ये घाई असते. एप्रिल २०२१च्या पहिल्या आठवड्यात खालूंच्या पुतण्याचं लग्न होतं. पन्नास माणसांची परवानगी. आली किती, ते कुणी मोजलं नाही. त्या लग्नाचा एक फोटो खालांच्या फोनमध्ये आहे. खालू दोघा भावांच्या खांद्यांवर हात टाकून हसताहेत आणि त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशातून चौकड्याच्या मास्कची नाडी बाहेर डोकावते आहे. भोपळ्याच्या धुळीसाठी तीस वर्षं नाक बांधणारा माणूस. धूळ डोळ्यांना दिसते. भावाच्या श्वासात काय आहे ते दिसत नाही, आणि भावासमोर तोंड झाकणं त्यांना अपमान वाटला असावा, असं खालांना वाटतं.

माणूस शहाणा असून असं का करतो? १९१०-११ साली मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली. तेव्हा पेनांगमध्ये जन्मलेले तरुण डॉक्टर वू लिएन-तेह यांनी आजार श्वासातून पसरतो असं सांगून जाळीच्या कापडाचे आणि कापसाचे मास्क वापरायला लावले. मेनी नावाच्या एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी त्यांचं म्हणणं उडवून लावलं आणि ते मास्क न लावता रुग्णांत गेले. काही दिवसांतच ते त्या आजारानं वारले. म्हणजे शिकलेल्यालाही आपल्या अनुभवाचा भरवसा कधी कधी नडतो. खालूंचं शिक्षण तर चौथीपर्यंतचं.

त्या वर्षी १३ एप्रिलला गुढीपाडवा होता. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती आणि पहिला रोजा एकाच दिवशी. त्याच रात्री आठपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. खालूंना पहिल्याच रोज्याला कणकण होती. तिसऱ्याला ताप. त्यांनी रोजा सोडला नाही. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, ती घ्यावी म्हणून मौलाना दारात उभे राहून विनवून गेले, तेव्हा चौथ्या दिवशी ऐकलं. पाचव्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रानं ८४ दाखवलं. खाट मिळवायला मुलाला अर्धा दिवस आणि एक रात्र फिरावं लागलं. मिरजेत, दवाखान्यांच्या गावात.

घरातले सगळे बाधित निघाले. खाला मागच्या खोलीत, सून आणि दोन वर्षांचा नातू माडीवर. मुलगा बाहेर. बाराव्या रोज्याच्या दिवशी सहेरीच्या वेळेला फोन आला.

मय्यतीला गुसल देणं, म्हणजे अंघोळ घालणं, हे जिवंत माणसांवरचं कर्ज मानलं जातं. जवळच्या माणसांनी ते फेडायचं असतं. कोरोनाच्या मृतदेहाला अंघोळ घालायची, मिठी मारायची, चुंबन घ्यायचं नाही, असे सरकारी नियम होते. अशा वेळी बंद पिशवीवरूनच तयम्मुम करावं, म्हणजे पाण्याऐवजी मातीच्या स्पर्शानं शुद्धीचा विधी करावा, अशी सवलत उलेमांनी सांगितली होती. मुलानं पीपीई किट घालून, हातमोज्यांच्या हातांनी बापाच्या पिशवीवर तयम्मुम केला. जनाजाच्या नमाजला पाच माणसं, त्यांत अंतर. मौलाना पुढं. पाचवे उभे होते मौलानांचे चुलते, वर्षभर न बोललेले. त्यांनी मास्कावर मास्क लावला होता.

खालांनी चेहरा पाहिला नाही.

दवाखान्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत सामान परत आलं. चष्मा, फोन, तसबीह आणि घडी घातलेला चौकड्याचा मास्क. वाकडी शिलाई तशीच. खालांनी तो साबणाच्या पाण्यात धुतला, वाळवला आणि खिळ्याला अडकवला. तो कुणी वापरत नाही. खिळ्यावर सगळ्यात मागं तोच आहे.

"मी शिवायची," त्या म्हणतात, "पण लावलाय का म्हणून विचारत नव्हते. दुसऱ्यांच्या घरी पाठवायची आणि आपल्या घरात विचारायची नाही."

लोक समजूत घालतात की मास्क लावला असता तरी झालं असतं, कापडी मास्कानं सगळं थांबत नाही. ते खरंच आहे. कापडी मास्क बोलताना, खोकताना उडणारे थेंब बऱ्यापैकी अडवतो; हवेत तरंगणाऱ्या अगदी बारीक कणांपुढं तो दुबळा पडतो. एन-९५च्या आतल्या थरावर स्थिर विद्युतभार असतो, तो बारीक कण ओढून धरतो. म्हणूनच तो साबणानं धुतला की निकामी होतो. शिवाय तो चेहऱ्याला चपखल बसला नाही तर हवा कडेनं जाते. सुरुवातीच्या महिन्यांत तज्ज्ञांनाही याबाबत सगळं उमगलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्वसामान्यांना मास्क वापरण्याचा व्यापक सल्ला दिला तोच मुळी ५ जून २०२० रोजी. खाला हे सगळं ऐकून घेतात. पण खिशातल्या मास्कानं काय होतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

शोहर गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते. या काळात ती गरजेशिवाय घराबाहेर पडत नाही. देश घरात बसून कंटाळला होता तेव्हा खाला दुहेरी बंदीत होत्या. वहिनी रोज येत, पण उंबऱ्याच्या बाहेर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसत. डबा मधोमध ठेवत. वहिनींचं डायलिसिस २०१९ पासून सुरू झालेलं. सगळे घरात बसले तेव्हाही त्यांना आठवड्यातून दोनदा बाहेर जावंच लागलं, चार-चार तास इतर रुग्णांच्या शेजारी पडून राहावं लागलं. "मला घरात बसायची सोयच नव्हती, भाभी," त्या एकदा म्हणाल्या. "शेजारच्या खाटेवरच्यानं मास्क काढला की माझा जीव वर-खाली व्हायचा. पण सांगायचं कुणाला? तोही आजारीच."

या वाक्यानंतर खालांनी पुन्हा मशीनवरचं कापड काढलं. इद्दतीच्या उरलेल्या दिवसांत त्यांनी डायलिसिसच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी तीन थरांचे मास्क शिवले. वहिनींचे यजमान कापड उंबऱ्यावर ठेवून जायचे आणि तयार पिशवी उचलून न्यायचे. या वेळी प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी असायची. वहिनींच्या अक्षरात, खालांच्या नावाची.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. मास्कची सक्तीही गेली. दुसऱ्याच दिवशी पहिला रोजा होता. दोन वर्षांनी मशीद भरली. मौलाना नमाजीच्या आधी वळून नेहमीचं वाक्य बोलले, की रांगा सरळ करा, फट ठेवू नका, आणि त्यांचा आवाज अडकला. चुलते पहिल्या रांगेत होते. ईदला माणसं इतकी गळ्यात पडली की सदऱ्यांच्या इस्त्र्या मोडल्या.

मास्क गेले ते बहुधा बरंच झालं. लहान मुलांना माणसांचे चेहरे वाचायला मिळाले, बहिऱ्यांना ओठ दिसले. सगळ्यांनी कायम तोंड झाकून फिरावं असं कुणी म्हणत नाही, खालाही म्हणत नाहीत. लग्नाला त्या उघड्या चेहऱ्यानं जातात, बाजारात कधी लावतात, कधी नाही. त्यांचा नियम तीनच ठिकाणी आहे. दवाखान्यात. स्वतःला किंवा घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तेव्हा. आणि वहिनींच्या घरी, बारमाही. डायलिसिसच्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी असते. आपल्याला दोन दिवस नाक गळून जातं, त्याच सर्दीनं त्यांना दवाखाना दिसतो. तरावीहला बायकांच्या बाजूला कुणी खोकायला लागली की खाला पिशवीतून एक नवा मास्क काढून तिच्या मांडीवर ठेवतात. काही जणी लावतात. काही जणी रागावतात. एकीनं तो परत फेकला. खालांनी उचलून पिशवीत टाकला. परत आलेल्या मास्कांची त्यांना सवय आहे.

वहिनींच्या सुनेला सुरुवातीला हे अवघड वाटायचं. घरी पाहुणे असताना खाला मास्क लावून आल्या की ती म्हणायची, "मावशी, आमच्या घरात तसं काही नाही हो." खालांना हसू यायचं. "तुमच्यात नाही गं. माझ्यात असंल."

यंदाच्या रमजानमध्ये एका संध्याकाळी नातवाला सर्दी झाली आहे. तो आता दुसरीत आहे आणि मास्क लावून भिंतीला टेकून बसला आहे, नाक पुसत. आजोबा त्याला आठवत नाहीत. खिळ्यावरच्या मागच्या मास्ककडं बोट दाखवून तो विचारतो, "दादी, हा छोटा पडतो म्हणून घालत नाही का कुणी?" खाला म्हणतात, "तो तुझ्या दादांचा आहे. राहू दे." मग पांढरा मास्क काढून नाकावर बसवतात, ताट घेतात आणि गल्ली ओलांडतात.

रोज त्या आत जाऊन दोन घटका बसतात. आज ताट वहिनींच्या उंबऱ्यावर ठेवून कडी वाजवतात आणि चार पावलं मागं येऊन उभ्या राहतात. दार उघडतं. वहिनी ताटाकडं बघतात, लांब उभ्या असलेल्या खालांकडं बघतात.

"कुणाला झालंय?"

"छोट्याला. सर्दी."

"काढा दिला का?"

"दिला. भजी गरम आहेत, खाऊन घ्या."

मशिदीतून अजान सुरू होते. खाला तिथंच, गल्लीत उभ्या उभ्या, मास्क जरा खाली करून पदरात आणलेला खजूर तोंडात टाकतात आणि मास्क पुन्हा वर घेतात.